डबीतला जुना फोटो उघडू नका, पुसू तर नकाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरातले जुने फोटो उजळवण्याच्या टिपा आल्या. कागदी फोटोंबद्दलचे बहुतेक सल्ले ठीक आहेत. पण त्याच ओघात ‘धातूवरचे आणि काचेवरचे जुने फोटो’ यांच्यासाठी टूथपेस्ट, काच पुसायचे द्रावण आणि डांबराच्या गोळ्या असे तीन उपाय सुचवले आहेत. हे तिन्ही उपाय त्या फोटोंचा घात करणारे आहेत, आणि झालेले नुकसान नंतर कोणालाही भरून काढता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागेअभावी पत्र कापावे लागले, तरी निदान शीर्षक तेवढे छापावे.

हे फोटो म्हणजे १८४० ते १८६५ च्या सुमारास, मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात, छोट्या डबीत बसवून दिलेली माणसांची चित्रे. त्यांच्या जाती तीन: चांदी चढवलेल्या तांब्यावरचा डॅगेरोटाइप, काचेवरचा अँब्रोटाइप आणि लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप. डबी तळहातावर मावते आणि पुस्तकासारखी उघडते. लाकडाचा सांगाडा, वरून पातळ चामडे किंवा ठसे उमटवलेला कागद, बाजूला एक-दोन पितळी आकडे. उघडली की एका अंगाला मखमलीची किंवा रेशमाची गादी आणि दुसऱ्या अंगाला फोटो. हा फोटो डबीत सुटा नसतो. खाली चित्राची पाटी, तिच्यावर अंडाकृती किंवा अष्टकोनी खिडकी कापलेला पितळी पत्रा, त्यावर काच, आणि या तिघांना चारी कडांनी बांधणारी कागदी पट्टी. १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून या गठ्ठ्यावरून अगदी पातळ पितळी पत्र्याची नक्षीदार चौकटही दुमडलेली दिसते. हा सगळा गठ्ठा डबीत घट्ट बसवलेला असतो. ही रचना केवळ शोभेची नाही. चित्राला हवा आणि बोट लागू नये, याची ती व्यवस्था आहे.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असे ७०० हून अधिक डॅगेरोटाइप आहेत. त्यांत न्यूयॉर्कच्या मॅथ्यू ब्रेडी यांच्या स्टुडिओतले मोठे संचित आहे, ते १९२० मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजकडून तेथे आले. लिल्येनक्विस्ट कुटुंबाने २०१० पासून दिलेला अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांचा संग्रहही तेथेच आहे. त्यातल्या एका चित्रात सुतकाचे काळे कपडे घातलेली लहान मुलगी आहे आणि तिने वडिलांचा फोटो हातात धरलेला आहे. फोटोतला बाप घोडदळातला सैनिक आहे. हे फोटो त्या घरांत कोणत्या नात्याने जपले जात होते, ते या एका चित्रावरून कळते. सेंट लुईसच्या मिसूरी हिस्टॉरिकल सोसायटीकडे थॉमस ईस्टर्ली यांचे डॅगेरोटाइप आहेत, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडेही डबीतल्या फोटोंचा संग्रह आहे. या सर्व पाट्या एकमेव आहेत. त्यांना छाप काढायची वेगळी निगेटिव्ह नव्हती, त्यामुळे कागदी फोटोसारख्या हव्या तितक्या प्रती काढायची सोयच नव्हती. एक पाटी पुसली गेली की त्या माणसाचा चेहरा कायमचा गेला.

आपल्याकडच्या वाचकांना याची माहिती हवी, कारण अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मंडळी तिकडच्या जुन्या बाजारांतून किंवा ऑनलाइन लिलावांतून हे फोटो हौसेने घेतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा जुन्या घरांच्या आवराआवरीत एखादी डबी निघणेही अशक्य नाही. थॅकर आणि कंपनीने कलकत्त्यात डॅगेरोटाइप कॅमेऱ्यांची जाहिरात १८४० च्या जानेवारीतच दिली होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले जाणकार छायाचित्रकार होते. मात्र तोवर इथला कल कागदी छापांकडे वळला होता. त्यामुळे आपल्याकडे डबीतले फोटो दुर्मीळ, आणि जो हाती येईल त्याची किंमत म्हणूनच अधिक.

आता टूथपेस्टकडे वळतो. डॅगेरोटाइप म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ थर, आणि तो आरशासारखा घासून लख्ख केलेला. लुई दागेर यांच्या या कृतीची घोषणा पॅरिसमध्ये ७ जानेवारी १८३९ रोजी झाली आणि १९ ऑगस्टला तपशील जाहीर केला गेला. चांदीला आयोडिनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात उजेड दाखवायचा, मग तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर पाटी धरायची. जिथे उजेड पडला तिथे चांदी-पाऱ्याचे बारीक कण तयार होतात. हायपोने, म्हणजे फोटो स्थिर करणाऱ्या क्षाराच्या द्रावणाने धुतले की न वापरलेले रसायन निघून जाते आणि कण राहतात. हे कण म्हणजेच चित्र. त्यांचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असतो, आणि त्यांच्यावर वार्निश नाही, जिलेटिन नाही, कसलेही आवरण नाही. १८४० मध्ये इप्पोलीत फिझो यांनी सोन्याच्या क्षाराचे द्रावण पाटीवर ओतून तापवायची रीत काढली. तिने चित्र पुष्कळ टिकाऊ झाले, तरीही बोटाच्या घासणीपुढे ते टिकत नाही. मऊ सुती फडक्याचा एक हात फिरवला तरी गालावरचा उजेड निघून जातो आणि तिथे कोरी चांदी उरते. मग टूथपेस्ट, चिंच, राख, रांगोळी यांची गोष्टच नको. चांदीची भांडी ज्याने उजळतात, नेमक्या त्यानेच हे चित्र संपते.

पाटीच्या कडेने दिसणारी निळी, जांभळी, तपकिरी, पिवळी वलये पाहून लोकांना घासायचा मोह होतो. ती वलये म्हणजे चांदीवर हवेतल्या गंधकाने धरलेला सल्फाइडचा थर. पितळी खिडकीच्या कडेशी फट असते, तिथून हवा आत शिरते, म्हणून काळेपणा खिडकीच्या आकारात बाहेरून आत सरकतो. थर जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलतो, म्हणून एकात एक कडी दिसतात. चेहरा झाकला जात नसेल तर या वलयांना कोणी हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती पुराव्याच्याही कामी येतात. वलय अष्टकोनी आणि खिडकी अंडाकृती असेल, तर तो पितळी पत्रा मूळचा नाही, कोणी तरी नंतर बदललेला आहे. एकीचा फोटो दुसरीच्या डबीत घालून विकायचा धंदा जुना आहे, आणि तो ओळखायला हे वलय पुरेसे पडते.

बाजारात चांदी बुडवून उजळवण्याची जी द्रावणे मिळतात, त्यांतल्या अनेकांत थायोयुरिया असते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही संग्रहालयांनीही डॅगेरोटाइप याच रसायनात धुतले होते. पाटी बाहेर येते तेव्हा लखलखीत दिसते, म्हणून फसगत होते. थायोयुरिया सल्फाइडबरोबर चांदीही खाते आणि गंधक असलेला अवशेष मागे ठेवते. काही वर्षांनी पाटीवर तपकिरी ठिपक्यांची पुरळ उठते, आणि ती मग जात नाही. एकोणिसाव्या शतकातली पुस्तके पोटॅशियम सायनाइडचा सल्ला देत. ते तर चांदी विरघळवणारे जहालच विष. आज तज्ज्ञ संवर्धकही डॅगेरोटाइप रसायनाने किंवा विजेच्या साहाय्याने क्वचितच साफ करतात, आणि तेही सूक्ष्मदर्शकाखाली तपासून.

काच पुसण्याच्या द्रावणाबद्दलचा सल्ला तितकाच घातक आहे, पण तो दुसऱ्या जातीच्या फोटोंवर उलटतो. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. त्या रीतीने काचेवर फिकट निगेटिव्ह काढायची आणि तिच्यामागे काळा रंग, काळा कागद किंवा मखमल लावायची. काळ्या पार्श्वभूमीवर तीच निगेटिव्ह सरळ चित्रासारखी दिसते. हा अँब्रोटाइप. बॉस्टनच्या जेम्स अँब्रोज कटिंग यांनी १८५४ मध्ये दोन काचा कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने एकमेकींना चिकटवण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून हे नाव रुळले. कलोडियन म्हणजे इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला नायट्रोसेल्युलोज. वरचे वार्निशही बहुतेकदा स्पिरिटातलेच. म्हणजे स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोलयुक्त द्रावण लागले की वार्निश आणि त्यासोबत चित्रही सुटून येते. साधे पाणीही सुटलेल्या पापुद्र्याखाली शिरून तो उचलते. त्यातून घरी पुसणारा माणूस नेमकी चुकीची काच पुसतो. बाहेरची संरक्षक काच आणि चित्राची काच सारख्याच दिसतात. गठ्ठा एकदा सुटला की कोणती कोणती, हे अनोळखी नजरेला कळत नाही.

अँब्रोटाइपमध्ये सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे मागचा काळा रंग तडकून गळणे. मग चेहऱ्यावर किंवा कोटावर फिकट, आरपार भोके पडल्यासारखी दिसतात. लोकांना वाटते चित्रच गेले. बहुधा चित्र शाबूत असते, मागचा काळेपणा तेवढा गेलेला असतो. यावर उपाय सोपा आहे, पण तो संवर्धकानेच करावा. राहिलेला रंग खरवडायचा नाही, नवा रंग द्यायचा नाही. पाटीमागे चांगल्या दर्जाचा काळा कागद ठेवला की भोके भरल्यासारखी दिसतात. उद्या कागद काढला तरी मूळ वस्तू तशीच राहते.

तिसरी जात टिनटाइपची. ओहायोच्या केनियन कॉलेजातले हॅमिल्टन स्मिथ यांनी १८५६ मध्ये याचे पेटंट घेतले. नावात टिन असले तरी पत्रा लोखंडाचा, वर काळ्या-तपकिरी रोगणाचा थर, त्यावर कलोडियनचे चित्र. स्वस्त आणि न फुटणारे, म्हणून यादवी युद्धात सैनिकांनी आपले फोटो मोठ्या प्रमाणात यावर काढून घरी पाठवले. दमट हवेत याचा शत्रू गंज. रोगणाखाली गंज धरला की फोड येतात आणि फोडासोबत चित्राचे टवके उडतात. वाकलेला पत्रा सरळ करायला गेले की रोगण तडकलेच म्हणून समजा. वाकलेला असेल तर वाकलेलाच ठेवा.

तिन्हींतला फरक गठ्ठा न सोडवता ओळखता येतो. उघडी डबी हातात धरून हळू कलती करा. चित्र एका कोनात सरळ, दुसऱ्या कोनात उलटे म्हणजे निगेटिव्हसारखे, आणि मध्ये कुठेतरी तुमचाच चेहरा आरशात दिसावा तसा दिसला, तर तो डॅगेरोटाइप. कोणत्याही कोनात आरसा दिसत नसेल तर उरलेल्या दोघांपैकी एक. मग दोऱ्याला बांधलेले छोटे लोहचुंबक काचेजवळ नुसते न्या, घासू नका. ओढले गेले तर बहुधा टिनटाइप. ‘बहुधा’ म्हणायचे कारण असे की काही अँब्रोटाइपांच्या मागे काळ्या रोगणाचा लोखंडी पत्रा ठेवलेला असतो आणि चुंबक त्यालाही ओढते. अशा वेळी बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाका आणि दहापट भिंगातून पाहा. चित्राचे उजळ भाग काळ्या भागांच्या किंचित वर, काचेवर तरंगताहेत आणि त्यांची सावली मागे पडते आहे असे दिसले, तर अँब्रोटाइप.

मापे ठरलेली होती. पूर्ण पाटी साडेसहा बाय साडेआठ इंच, बाकीची मापे तिच्या हिश्शांच्या नावाने ओळखली जातात. अर्धी सव्वाचार बाय साडेपाच, पाव सव्वातीन बाय सव्वाचार, सहावा हिस्सा पावणेतीन बाय सव्वातीन, नववा दोन बाय अडीच. सर्वांत जास्त सापडतो तो सहावा हिस्सा, म्हणजे साधारण ७० बाय ८३ मिलिमीटर. खिडकीतून दिसणारे चित्र नव्हे, पाटी हे माप धरते. गठ्ठा न सोडवता गठ्ठ्याचे बाहेरचे माप घ्यावे, तेवढे नोंदीला पुरते.

डबीकडे दुर्लक्ष करू नका. लाकडी डब्यांखेरीज एक कडक, काळी-तपकिरी, अतिशय बारीक उठावदार नक्षीची डबी असते, तिला युनियन केस म्हणतात. विकणारे ती ‘गट्टापर्चाची’, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाची सांगतात, पण ती लाख आणि लाकडाचा भुसा यांचे मिश्रण साच्यात गरम दाबून केलेली असते. सॅम्युएल पेक यांचे १८५४ चे पेटंट याच कामाचे. त्या काळी लाख मुख्यतः भारतातूनच जगभर जाई, तेव्हा या डब्यांत आपला मालही आहेच. लाख स्पिरिटात विरघळते. म्हणून ही डबी चुकूनही सॅनिटायझरने पुसू नका. ती ठिसूळही असते. बिजागरीजवळ तडा गेलेली डबी उघडताना दोन्ही तळव्यांनी दोन्ही भाग आधार देऊन, काटकोनापर्यंतच उघडावी. चामड्याच्या डबीची बिजागरी म्हणजे चामड्याचीच पट्टी. ती तुटत आली असेल तर सेलोटेप, फेविक्विक, फेविकॉल काही लावू नका. रुंद सुती फीत सैल बांधून डबी मिटलेली ठेवा. रबरबँड तर मुळीच नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

आता डांबराच्या गोळ्या. त्यांची वाफ डबीतल्या फटींतून आत जाऊन थंड पृष्ठभागावर स्फटिक धरते, शिवाय या फोटोंना वाळवीची किंवा कसरीची भीती कागदी अल्बमइतकी नसते. डबीतली मखमल, कागद आणि लाकूड यांना कीड लागू शकते, पण त्यावर कोरडेपणा आणि स्वच्छ कपाट हाच उपाय. कपाट लोखंडी, भट्टीत रंग भाजलेले असावे. प्लायवूड आणि एमडीएफमधून फॉर्मिक आणि अॅसेटिक आम्लाच्या वाफा निघत राहतात. पितळ हिरवे पडण्यामागे आणि काच बिघडण्यामागे पुष्कळदा याच वाफा असतात. लोकरीच्या कापडात गुंडाळू नका, लोकरीत गंधक असते.

अभिलेखागारांत साधारण १८ अंश सेल्सियस आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता सांभाळतात. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने घरात ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते, तेव्हा तो आकडा घरी गाठणे कठीण. तरीही बरेच करता येते. प्रत्येक डबी आम्लरहित कागदाच्या चार पाकळ्यांच्या वेष्टनात गुंडाळा, वेष्टनावर पेन्सिलीने क्रमांक लिहा, आणि घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात आडव्या ठेवा. दहा लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेल पुरते. निळे सिलिका जेल नको, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते. केशरी घ्या. ते कापडी पुरचुंडीत, डब्यांना न टेकवता ठेवा आणि सोबत छोटा आर्द्रतामापक टाका. ३५ ते ४५ टक्क्यांत काटा राहिला की झाले. फार कोरडे झाले तर लाकूड आकसते आणि चामडे कडक पडते, म्हणून काटा ३० च्या खाली जाऊ लागला की पुरचुंडी काढा. वातानुकूलित खोलीतून काढलेला डबा पावसाळ्यात लगेच उघडू नका. आतल्या थंड काचेवर बाहेरचे दव धरते. बंद डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

एका दोषाच्या बाबतीत मात्र ‘हात लावू नका’ हा नियम शिथिल करावा लागतो. त्या काळच्या काही काचांत अल्कली जास्त आणि स्थैर्य कमी. दमट हवेत काचेतून सोडियम बाहेर झिरपते आणि काचेच्या आतल्या बाजूला बारीक थेंब किंवा धुरकट साय धरते. भिंगातून पाहिले तर थेंब गोल, चकचकीत दिसतात. हे थेंब अल्कधर्मी असतात, ते हवेतली ओल ओढून मोठे होतात आणि खालच्या पाटीवर पडतात. मग चांदीवर पांढरे, आणि तांबे उघडे पडले असेल तिथे हिरवट स्फटिक वाढतात. ही ‘रडणारी’ काच तशीच ठेवली तर दरवर्षी चित्र कमी होत जाते. असे थेंब दिसले तर वाट न पाहता संवर्धकाकडे जावे.

तिथे काय केले जाते तेही सांगतो, म्हणजे काम नीट झाले की नाही हे मालकाला विचारता येईल. नायट्राइलचे हातमोजे घालून, खाली मऊ अस्तर घेऊन, काचेवर छोटे चूषक टेकवून गठ्ठा डबीतून सरळ वर उचलतात. चाकू खुपसून उपटत नाहीत, त्याने डबीची कड फुटते. पितळी चौकटीच्या दुमडलेल्या कडा फक्त दोन बाजूंच्या, आणि लागतील तेवढ्याच उलगडतात. हे पितळ इतके पातळ असते की दोन-तीनदा वाकवले की घडीवर तुटते. मूळची कागदी पट्टी शाबूत असेल आणि काच चांगली असेल, तर इथेच थांबून सर्व परत बसवणे हेच शहाणपणाचे. काच बदलायचीच असेल तर पट्टी कापून काढतात आणि ती जपून ठेवतात, कारण कधी कधी ती जुन्या वर्तमानपत्राची किंवा दुकानाच्या पावतीची असते. पाटीवर फक्त रबरी फुग्याची हवा मारतात. दाबलेल्या हवेचा डबा वापरत नाहीत, त्यातून द्रव उडाला तर डाग पडतो. गालावरची गुलाबी छटा आणि दागिन्यांवरचे सोनेरी ठिपके म्हणजे हाताने लावलेली कोरडी पूड असते, म्हणून तिथे फुग्याची हवाही बेताने.

नवी काच बोरोसिलिकेटची, जुन्याच जाडीची. जाड काच घातली की पितळी चौकट परत बसत नाही, आणि ती दाबून बसवायला गेले की अँब्रोटाइप कोपऱ्यात तडकतो. क्रम तोच: काच, पितळी खिडकी, पाटी, मागे फोटोंसाठीच्या चाचणीत म्हणजे आयएसओ १८९१६ मध्ये उत्तीर्ण झालेला पुठ्ठा. खिडकी पाटीला घासत असेल तर मध्ये तसल्याच कागदाची अरुंद चौकट. मग चारी बाजूंनी फिल्मोप्लास्ट पी९० सारखी अॅक्रिलिक गोंदाची कागदी पट्टी, ती पुढून काचेवर दीड-दोन मिलिमीटरच यावी. जास्त आली तर पितळी चौकटीबाहेर डोकावते. जुनी काच फेकून देत नाहीत, पाटीच्याच क्रमांकाने वेगळी ठेवतात. काम सुरू होण्याआधी, मध्ये आणि नंतर प्रत्येक थराचे फोटो घेतले गेले पाहिजेत. ते दाखवा, असे मालकाने हक्काने म्हणावे.

गठ्ठा सुटलाच तर तेवढ्यात जी माहिती मिळते ती पुन्हा मिळत नाही. डॅगेरोटाइपच्या कोपऱ्यात पत्रा बनवणाऱ्याचा ठसा असतो. त्यात ‘४०’ हा आकडा आला तर चाळिसाव्या हिश्शाची चांदी. डबीच्या तळाशी, फोटोच्या मागे, चिठ्ठी, नाव, तारीख किंवा केसांची बट सापडते. छायाचित्रकाराचे नाव पितळी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात किंवा मखमलीवर दाबलेले असते, पण ती डबी मूळची असेल तरच त्याला अर्थ. अमेरिकी टिनटाइपच्या मागे कराचे तिकीट असेल तर तो १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकला गेला, कारण फोटोंवरचा तो कर तेवढाच काळ होता. डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये डावे-उजवे आरशासारखे उलटलेले असते. सैनिकाच्या पट्ट्यावरची अक्षरे उलटी दिसली किंवा कोटाची बटणे दुसऱ्या बाजूला दिसली तर तो दोष नव्हे. नोंद लिहिताना ‘डाव्या हातात तलवार’ असे लिहून मोकळे होऊ नये.

प्रदर्शनाबद्दलही थोडे. डॅगेरोटाइप धातूचा, म्हणून उजेडाने त्याला काही होत नाही, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. २००५ मध्ये बॉस्टनच्या साऊथवर्थ अँड हॉज या स्टुडिओच्या पाट्यांचे मोठे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत लागले आणि प्रदर्शन चालू असतानाच काही पाट्यांवर पांढरट धूसरपणा चढू लागला. पृष्ठभागावर क्लोराइडचे अंश असतील तर उजेडात ते बदलतात, हे त्यातून पुढे आले. म्हणून दिवाणखान्यात दिव्याखाली डबी उघडी मांडून ठेवू नये. पाहून झाली की मिटावी. पाहुण्यांना दाखवायला चांगला डिजिटल फोटो पुरे.

तो फोटो काढायची रीत सोपी आहे. फ्लॅश बंद. स्कॅनर नको, त्यात डॅगेरोटाइप काळा किंवा दुधाळ येतो आणि बिजागरीवर भार पडतो. डबी टेबलावर आडवी ठेवा, कॅमेरा किंवा मोबाइल बरोबर वरून, आणि लेन्सपुरते भोक पाडलेला मोठा काळा पुठ्ठा मध्ये धरा. आरशात मग काळा पुठ्ठाच दिसतो आणि चित्र उठून येते. उजेड दोन्ही बाजूंनी, साधारण ४५ अंशांतून. एक फोटो मिटलेल्या डबीचा, एक पूर्ण उघड्या डबीचा, एक नुसत्या चित्राचा, एक पाठीचा, प्रत्येकात मोजपट्टी ठेवून. घरात अशी डबी असणाऱ्याने निदान एवढे तरी याच आठवड्यात करावे.

शेवटी परदेशातल्या मंडळींसाठी. तिकडून आणताना डबी कुरिअरने पाठवू नका, हातातल्या सामानात आणा. फुग्यांचे प्लास्टिक थेट डबीला लावू नका, आधी आम्लरहित कागद, मग बाहेरून फुगे. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी या फोटोंना काही होत नाही, ते केव्हाचे धुऊन स्थिर झालेले आहेत. उलट प्रवास मात्र जपून. आजोळच्या घरात निघालेली डबी आठवण म्हणून अमेरिकेला नेण्याआधी १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा पाहा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि हे फोटो दीडशे वर्षांच्या पुढचे आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आधी चौकशी करावी, आणि डबी इथल्याच एखाद्या अभिलेखागाराला देण्याचा विचार असेल तर ती पुसून, सजवून न देता, सापडली तशी, आतल्या चिठ्ठीचपाटीसह द्यावी.

आपले नम्र,
जुन्या छायाचित्रांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, मुंबई आणि पुणे